पुष्पगुच्छाऐवजी शहाळं

डहाणूत कोणी आजारी पडलं की माणसं शहाळं घेऊन बघायला येतात. ताप असो, बाळंतपण असो, पाय मोडलेला असो, शहाळं ठरलेलं. माझ्या दोन्ही किडन्या गेल्याचं आळीत कळलं तेव्हा आमच्या ओटीवर शहाळ्यांचा ढीग लागला. झाईचे माझे चुलतदीर तर स्वतःच्या वाडीतली शहाळ्यांची अख्खी पेंड स्कूटरला बांधून आले आणि चपला काढायच्या आधी कोयता मागू लागले.

मी म्हटलं, "भाऊजी, मला हे चालत नाही. यात पोटॅशियम असतं. किडनी चालू असली की ते लघवीवाटे निघून जातं. माझी बंद आहे. ते रक्तात साठलं की हृदय थांबतं."

"अहो वहिनी, शहाळ्याने कोण मेलंय का आजवर?" भाऊजी म्हणाले. "उलट किडनी धुऊन निघते."

समोरच्या गुजराती बेननी लगेच दुजोरा दिला, "नाळियेरनुं पाणी पीओ बेन, एकदम साफ थई जाशे." साफ होण्यासारखं आत काही उरलेलं नाही हे मी त्यांना दोन भाषांत सांगून पाहिलं. शेवटी ती शहाळी माझ्या नवऱ्याने संपवली, त्याच्या रेल्वेतल्या मित्रांनी संपवली आणि उरलेली बेनच्याच घरी गेली. माझ्या आजारपणात अख्ख्या आळीच्या तब्येती सुधारल्या.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. शाळा तलासरीकडे, घर डहाणूत. डोकं दुखायचं, मी मेडिकलमधून गोळ्या आणून खायची आणि वर्गात आरोग्याचा धडा शिकवायची. रक्तदाब वाढलेला होता, तो कोणी मोजला नाही, मीही नाही. दाबाने आणि गोळ्यांनी मिळून काम केलं. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काही जाणवलं नाही?" जाणवलं होतं की. मी दमायची. पण नोकरी करून घर सांभाळणारी बाई दमते यात कोणाला आजार दिसत नाही, तिला स्वतःलाही नाही.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा सकाळी डायलिसिस. डाव्या हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर जातं, मशीनमध्ये धुतलं जातं आणि दुसरीतून परत येतं. चार तास. मग घरी येऊन मेल्यासारखं झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं. हे आयुष्यभर. लोकांना हे 'आयुष्यभर' पटत नाही. त्यांच्या हिशेबाने माणूस एकतर बरा व्हायला हवा, नाहीतर जायला हवा. मधे हे जे लांबलचक जगणं आहे तो त्यांना आगाऊपणा वाटतो. एका सहकारी गुरुजींनी सुट्टीनंतर मला व्हरांड्यात पाहिलं आणि खऱ्या आश्चर्याने म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून येताय?" मी म्हटलं, "हो, तुमची परवानगी घ्यायची राहिली." त्यांना त्यातलं काही लागलं नाही.

सुयांची सवय होते. तहानेची होत नाही. लघवी होत नाही म्हणजे प्यालेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते आधी पायात उतरतं, मग चेहऱ्यावर येतं, मग फुफ्फुसात. त्यामुळे चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला एक लहान बाटली. मे महिन्यात, उकाड्याने अंगाचं पाणी पाणी होत असताना, एक लहान बाटली. मी लिंबाची फोड चोखते, चूळ भरून थुंकते. शाळेत मुलं नळाला तोंड लावून घटाघटा पाणी पितात ते मी बघत नाही, कारण बघितलं की मला त्या मुलांचा राग येतो. लहान मुलांचा, पाणी पितात म्हणून राग. आजार माणसाला शहाणं करतो वगैरे जे लोक बोलतात त्यांना मी हे मुद्दाम सांगते.

ती माझ्या शेजारच्या बेडवर आली तेव्हा तिशीच्या बरीच आतली होती. रानशेतच्या एका पाड्यावरची सून, माहेर गंजाडचं. चिकूच्या वाडीत तोडणीला जायची. पहिल्या बाळंतपणात दाब एवढा चढला की मूल गेलं आणि पाठोपाठ किडन्या गेल्या. नवरा उंबरगावला कंपनीत, त्याला रोज रजा कुठली मिळणार, म्हणून सासू बरोबर यायची. सासू बारकी, काळी, सतत काहीतरी बोलणारी. सून गोरीपान नव्हती पण सुजेमुळे तिच्या चेहऱ्याला एक तुकतुकी होती, आणि पाड्यावरच्या बायका तिला म्हणायच्या, "अंग भरलं गो तुझं." तिला ते आवडायचं. मला तिने पहिल्याच दिवशी हे कौतुकाने सांगितलं.

प्रत्येक डायलिसिसच्या आधी वजन करतात. मधल्या दिवसांत किती पाणी साठलं ते त्यात कळतं. पहिल्या काही वेळा हिचं वजन असं वाढलेलं असायचं की टेक्निशियन दोनदा काटा तपासायचा. एवढं पाणी एकदम खेचलं की पायात गोळे येतात, रक्तदाब पडतो, उलट्या होतात. ती ओरडायची आणि सासू तिचे पाय दाबत बसायची. दाबता दाबता पिशवीतून बाटली काढून म्हणायची, "घे, घोटभर पी, बरं वाटेल."

मी एकदा माझ्या बेडवरूनच ओरडले, "मावशी, ती बाटली खिडकीतून बाहेर टाका!"

"अगो बाय," ती म्हणाली, "आजारी पोरीला पानी नाय द्यायचं? दारात आलेल्या परक्याला पन आपन पानी देतो."

तिचं बरोबर होतं. तिच्या घरात शतकानुशतकं हेच शिकवलेलं आहे, आणि माझ्याही. पण मला समजावत बसायला वेळ नव्हता, हातात सुया होत्या आणि डोक्यात राग. त्याच आठवड्यात पलीकडच्या बेडवर एका माणसाला आणलं. घरच्या लग्नात तो मन मानेल तसं सरबत प्यायला होता. त्याला आडवं होता येत नव्हतं, बसून तोंड उघडून हवा ओढत होता, ओठ निळे, आणि छातीतून भांड्यात पाणी उकळल्यासारखा आवाज. माझं डायलिसिस आटोपलं तशी मी सासूचा हात धरून तिला त्याच्या पायथ्याशी उभी केली. म्हटलं, "बघा. हा पाणी प्यायला. तुमची सून अशी मरेल. तुम्ही पाजाल आणि ती अशी मरेल." तो माणूस सगळं ऐकत होता. त्याच्या बायकोने मला शिवी दिली. मी ती घेतली.

त्यानंतर सासू बदलली, आणि अशी बदलली की मीच चाट पडले.

पाण्याचा माठ तिने स्वतःच्या उशाशी नेला. सुनेला सकाळी एक बाटली भरून द्यायची, ती संपली की संपली. सून आंघोळीला गेली की ही मोरीच्या तोंडाशी पाठमोरी बसायची आणि तांब्याचा आवाज ऐकायची. एकदा आवाज मधेच थांबला म्हणून आत जाऊन तिने सुनेचं तोंड उघडून पाहिलं. सून रडायची, भांडायची, पाया पडायची. सासू बधायची नाही. पाड्यावर बायका तिला तोंडावर कसाबीण म्हणायला लागल्या, शेजारणीने गुपचूप पाणी दिलं तर हिने जाऊन शेजारणीशी मारामारी केली. हे सगळं मला सून सांगायची, सुया टोचलेल्या हाताने, हसत.

"बाई, तुम्ही माझ्या सासूला काय शिकवलंत?"

"जे शिकवायचं तेच."

"रात्री माठाला बाहेरून घाम येतो ना, तो मी जिभेने चाटते. तिला अजून नाय कळलं." आणि मग खालच्या आवाजात, "तिला सांगू नका हां."

मी सांगितलं नाही. तेवढ्याने काही होत नव्हतं. तिचं वजन आता ठरल्याप्रमाणे यायचं, पायात गोळे येणं थांबलं, चेहऱ्यावरची ती तुकतुकी गेली आणि खाली एक हाडकुळी, तरतरीत मुलगी निघाली. ती वर्षभर नीट जगली. पुढच्या वर्षी मुंबईला मोठ्या इस्पितळात किडनी बसवण्यासाठी नाव घालायचं बोलणं चाललं होतं. तिची आई द्यायला तयार होती, रक्तगट जुळत होता. तोवर तिला टिकवायचं एवढंच काम होतं, आणि ते काम सासूने त्या उशाशी ठेवलेल्या माठाने केलं. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या पोरीला तहानेने तडफडत ठेवणं हीच तिच्यावरची माया होती, आणि ती माया करायला आम्ही दोन बायका होतो.

मग जनजागृतीवाले आले.

तलासरीत किडनीच्या आजाराबद्दल जनजागृती मेळावा ठरला. आयोजक कुठलेसे मोठे लोक होते, चांगल्या मनाचे. चांगल्या मनाच्या माणसांची मला आता धास्तीच वाटते. त्यांना मंचावर खरेखुरे रुग्ण हवे होते. मला स्वानुभव सांगायचा होता, पाच मिनिटं. "सकारात्मक बोला मॅडम," फोनवरचा तरुण म्हणाला. "तुम्ही इतक्या हसतमुख असता असं ऐकलंय." मी हसतमुख असते हे त्याला कोणी सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही. पण मी हो म्हटलं. नीरा आणि शहाळं किडनीला औषध आहे असं समजणारी जेवढी माणसं या दोन तालुक्यांत आहेत त्यांतली निम्मी तरी त्या मांडवात असतील, त्यांना एकदाच माइकवरून सांगावं, असा माझा विचार होता.

मेळावा गुरुवारी सकाळी, आणि आमची डायलिसिसची पाळीही गुरुवारी सकाळी. मग कोणीतरी कोणाशी तरी बोलून ठरवलं की आमची तुकडी एक दिवस पुढे, शुक्रवारी घ्यायची. किडनीबद्दल लोकांना जागं करायचं म्हणून किडनीच्या रुग्णांचं डायलिसिस पुढे ढकललं. मी सेंटरवर भांडले. "एका दिवसाने काय होतंय मॅडम," असं उत्तर आलं. एका दिवसाने काही होत नाही, हे खरंच होतं, तोंड सांभाळलं तर. माझंही डायलिसिस एक दिवस उशिरा झालं. मी आहे अजून.

मंचावर आम्हा चौघांना खुर्च्या होत्या. ती माझ्या शेजारी, नवी साडी नेसून, केसांत अबोली. सासू खाली बायकांत बसलेली, मान उंच करून आम्हाला बघत होती. सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच जाहीर केलं की हारतुऱ्यांना फाटा देऊन आज आपण पुष्पगुच्छाऐवजी आपल्या मातीतलं शहाळं आणि चिकूची करंडी देऊन सत्कार करणार आहोत. टाळ्या पडल्या. मला आधी वाटलं, हे पाहुण्यांसाठी आहे. मग प्रमुख पाहुणे उठले आणि आमच्याकडे वळले.

डायलिसिसच्या रुग्णाला द्यायला याहून वाईट काही डहाणू-तलासरीत पिकत असेल तर मला माहीत नाही. शहाळं तोंड कापून, नळी खोचून तयार होतं. माझ्या हातात आलं, मी खुर्चीखाली ठेवलं. तिच्या हातात आलं, तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "ताई, पिताना घेऊ या एक." पाहुण्यांनी स्वतः हात पुढे करून शहाळं तिच्या तोंडाशी धरलं. तिने नळी ओठांत घेतली.

वर्षभर जिने माठाचा घाम चाटला तिच्या तोंडात गोड, गार पाणी गेलं. तिचे डोळे मिटले. मी ते शहाळं तिच्या हातातून हिसकावून घेतलं. अर्धं माझ्या साडीवर सांडलं. पाहुणे हसत म्हणाले, "अहो मॅडम, तुम्हालाही मिळालंय की!" मांडवात हशा पिकला.

मी माइक घेतला. माझी पाळी आली नव्हती तरी घेतला. शहाळं, नीरा, ताडगोळा, चिकू, यांत पोटॅशियम किती असतं, यांतलं काय कोणाला का चालत नाही ते सांगितलं, आणि इथे आत्ता जे वाटलं गेलं ते आमच्यासाठी विष आहे असंही सांगितलं. विष हा शब्द वापरला. मंचाच्या टोकाला एक डॉक्टर बसले होते, ते तेव्हा फोनवर बोलत खाली उतरले होते. सूत्रसंचालकाने माझ्या हातातून अलगद माइक घेतला आणि म्हणाला, "ताई थोड्या भावुक झाल्यात. साहजिक आहे. इतकी वर्षं सोसतायत." माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मी सांगितलेल्या गोष्टीसाठी नाही, मी सोसते म्हणून.

नंतर पाहुणे बोलले. तब्येतीने दणकट माणूस, आवाज भारदस्त. म्हणाले, "ताईंच्या भावनांचा आदर आहे. पण मी रोज सकाळी शहाळं घेतो, उन्हाळ्यात नीरा घेतो. माझं वय बघा आणि माझी तब्येत बघा! निसर्गाने दिलेलं कोणाला मारत नाही. रसायनं मारतात." या वाक्याला सगळ्यात मोठी टाळी पडली. मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली, त्यांतल्या काहींच्या हाताखाली नोकरीही केली, पण त्या क्षणी मला त्या माणसाच्या दोन्ही चालत्या किडन्या उपटून काढाव्याशा वाटल्या.

खाली उतरल्यावर सासू भेटली. तिच्या एका हातात सुनेची करंडी होती, दुसऱ्या हातात पिशवीत दोन शहाळी. सुनेचं सांडलं म्हणून तिला दुसरं दिलं होतं आणि नातेवाइकांनाही एक एक.

"बाय, साहेब बोल्ला, चालतं."

"साहेब गाढव आहे," मी म्हटलं. "हे टाका. नाहीतर तुम्ही प्या. तिला थेंब नाही, फोड नाही. उद्या सकाळी डायलिसिस आहे."

"बरं बाय," ती म्हणाली. सूनही हसली. मला शाळेत तपासणीला परतायचं होतं. गाडीत बसताना मागे पाहिलं तर दोघी रस्त्याच्या कडेला जीपची वाट बघत उभ्या होत्या, पायाशी करंडी.

संध्याकाळी मेळाव्याच्या ग्रुपवर फोटो आले. पाहुणे शहाळं धरून उभे आहेत, ती नळी ओठांत धरून डोळे मिटून बसली आहे. माझा हात फोटोत कोपऱ्यात आलाय, पुढे येणारा, कोणाचा आहे ते कळत नाही असा. खाली लिहिलं होतं, 'आजारावर मात करणारं हसू.' त्यावर कितीतरी अंगठे.

शुक्रवारी सकाळी मी सेंटरवर पोचले तर शेजारचा बेड रिकामा. मी फोन लावला, लागला नाही. मला सुया टोचून मशीन चालू झालं आणि मग टेक्निशियनला फोन आला. तो 'हो', 'हो', 'कधी' एवढंच बोलला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, ती गेली. पहाटे. हातापायातली ताकद गेली म्हणे, उठवेना, आणि जीप यायच्या आधीच." मग दाराकडे बघून म्हणाला, "पुढच्यांना घ्या या बेडवर." पुढचे एक म्हातारे गृहस्थ होते. चादर बदलली, ते आडवे झाले आणि मला म्हणाले, "उकाडा फार वाढलाय नाही?"

मी उठून जाऊ शकत नव्हते. माझं रक्त बाहेर होतं. उरलेले तास मी तिथे पडून राहिले, त्या म्हाताऱ्याशेजारी. मला रडू आलं नाही, नुसता संताप आला. पाहुण्यांचा, डॉक्टरांचा, त्या फोटोवाल्याचा, आणि तिचाही. वर्षभर धरलं होतंस ना तोंड, एक दिवस आणखी धरवलं नाही तुला? मेलेल्या पोरीवर मी मनातल्या मनात ओरडत होते.

नवऱ्याला बोलावून घेतलं आणि हाताला पट्टी तशीच ठेवून रिक्षाने रानशेत गाठलं. माहेरची माणसं आलेली होती, नवरा उंबरगावहून आला होता आणि भिंतीला टेकून खाली बघत बसला होता. तिला अंगणात चटईवर निजवलं होतं. कालचीच साडी. चेहरा जराही सुजलेला नव्हता.

सासू मला बघून उठून आली. ती रडत नव्हती. मला हाताला धरून तिने बाजूला बसवलं आणि सांगू लागली, जशी कोणी चांगली बातमी सांगावी तशी.

"जीपमधी पहिलं शहाळं प्याली. मग माझं पन मीच दिलं तिला. घरी येऊन चिकू खाल्ले, पोटभर. किती हसली बाय! लग्न झाल्यापासून एवढी नव्हती हसली. मला बोल्ली, आई, आज मी तुमच्यावर रागावलेली नाय."

"मी नको म्हटलं होतं, मावशी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुखावूनही नाही. माझा पिवळा चेहरा, हातावरची पट्टी, त्याखालच्या फुगलेल्या शिरा, सगळं शांतपणे पाहिलं.

"तुमी बोल्लात बाय. पन तुमची किडनी गेली ना. त्या साहेबाची चांगली हाय. तो पितो, त्याला काय होत नाय. मग मी कोनाचं ऐकू?"

वर्षभर तिने माझं ऐकलं होतं, कारण मी तिला एक मरणारा माणूस दाखवला होता. त्या साहेबाने तिला एक धडधाकट माणूस दाखवला. शहाळ्यानेच ती गेली, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तिला कळायला हवं होतं. हेच तर सांगत मी मांडवामांडवांतून फिरणार होते. पण ती माझा हात धरून बसली होती आणि तिच्या तोंडावर समाधान होतं, सुनेला शेवटच्या दिवशी पोटभर पाजल्याचं. मी बोलले नाही. दयेने गप्प बसले असं म्हणता येईल, पण खरं म्हणजे माझ्यात ताकद उरली नव्हती.

तेवढ्यात बायकांनी हाक मारली. उचलायच्या आधी तोंडात पाणी घालायचं होतं. आईने घातलं, नवऱ्याने घातलं, नुसते तुळशीच्या पानावरून थेंब. मग सासूला बोलावलं. कोणीतरी माठातून तांब्या भरून तिच्या हातात दिला.

ती सुनेच्या डोक्याशी बसली. तांब्या ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबली. मग मान वळवून एवढ्या माणसांतून तिने मला शोधलं.

"बाय, देऊ?"

सगळे माझ्याकडे वळले. तिची आई, नवरा, मला कसाबिणीची गुरू समजणाऱ्या त्या शेजारणी.

"द्या," मी म्हटलं.

"किती?"

माझ्या तोंडाला कोरड पडली होती. मी म्हटलं, "द्या मावशी. हवं तेवढं द्या."

तिने एक घोट ओतला आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने आणखी ओतला. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येऊन गळ्यावर गेलं, साडीत गेलं, चटईखाली मातीत गेलं. ती ओतत राहिली. सुनेची आई म्हणाली, "बस आता, व्हयीन." कोणीतरी तिचा हात धरायला पुढे झालं. तिने तो झटकला, तांब्या उपडा करून शेवटचा थेंबही घातला आणि मग उठून तो पुन्हा भरायला आत गेली.